पलटणीतील वर्षे आणि मुलकी पेन्शन

वऱ्हाडच्या अर्वाचीन इतिहासाचा आरंभ फौजेच्या पगारापासून होतो. २१ मे १८५३ रोजी निजाम सरकार व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामध्ये तह झाला आणि हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशीव व रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या हवाली करण्यात आले. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या एवढी ही फौज. तिची एक छावणी एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूरजवळ परतवाडा येथे होती. १८६० च्या तहाने धाराशीव व रायचूर हे मुलूख निजामास परत मिळाले, पन्नास लक्षांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र तारणातच राहिला. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीवरचा सारा आधी कारभाराच्या व पलटणींच्या खर्चास लागे आणि त्यातून उरेल ते हैदराबादेस जाई. शिपायाच्या चाकरीचे मोल मुलकी वसुलीतून फेडण्याचा व्यवहार इतक्या उघडपणे फार थोड्या प्रांतांनी पाहिला असेल.

५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये इंग्रज सरकारने सालिना पंचवीस लक्ष रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला, व पुढील वर्षी तो मध्यप्रांतास जोडला. त्याच सुमारास कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाले. त्याच्या एका पलटणीस ९६ वी बेरार इन्फंट्री हे नाव मिळाले. १९२२ साली ती १९ व्या हैदराबाद रेजिमेंटीत गेली आणि १९४५ साली त्या रेजिमेंटीचेच कुमाऊं रेजिमेंट असे नामांतर झाले. तिच्या दुसऱ्या पलटणीस 'बेरार' हे उपपद राहिले ते राहिलेच. नाव वऱ्हाडचे आणि जवान हिमालयाच्या पायथ्याचे! इतिहासाला अशा गमती करण्याची खोडच आहे.

प्रांताने फौजेचा हिशेब भागविला, तो असा. परंतु याच प्रकारचा एक हिशेब, फार लहान आकड्यांचा, एकेका माणसाच्या संसारातही मांडला गेला आहे. पलटणीत काही वर्षे काढून घरी आलेला जवान पुढे पोस्टात, प्राप्तिकराच्या कचेरीत किंवा तहसिलीत चिकटतो. वय झाल्यावर पेन्शनीचा कागद तयार होऊ लागला म्हणजे प्रश्न निघतो : बंदूक खांद्यावर घेऊन काढलेली ती वर्षे सरकारी चाकरीतच गेली ना? मग ती पेन्शनीत धरणार की नाही?

सरकारचे उत्तर साधे, पण कडक आहे. धरू, मात्र त्या वर्षांबद्दल जे घेतले ते परत करा. लष्करी नोकरी मुलकी पेन्शनीस जोडण्याची तरतूद इंग्रजी अमदानीतील सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्समध्येही होती. केंद्र सरकारच्या १९७२ च्या पेन्शन नियमांतील एकोणिसाव्या नियमाने ती नेमक्या शब्दांत मांडली. वयाच्या अठराव्या वर्षानंतरची नियमित लष्करी नोकरी झालेल्या इसमास मुलकी नोकरीत कायम झाल्यावर दोन वाटा खुल्या होत. लष्करी पेन्शन अथवा ग्रॅच्युइटी आपल्याजवळ ठेवावी आणि ती वर्षे विसरावी, ही पहिली. पेन्शन बंद करून घेतलेली रक्कम परत भरावी आणि ती वर्षे जमेस धरावी, ही दुसरी. निवडीस मुदत तीन महिन्यांची. त्या अवधीत काही कळविले नाही तर त्याने पहिलीच वाट पत्करली असे समजले जाई. परतफेड जास्तीत जास्त छत्तीस मासिक हप्त्यांत करता येई. शेवटचा हप्ता पडेपर्यंत जुन्या वर्षांवरचा हक्क जिवंत होत नसे. हप्ते पुरे होण्यापूर्वी माणूस मरण पावला, तर उरलेली बाकी त्याच्या कुटुंबास मिळावयाच्या ग्रॅच्युइटीतून वळती होई.

तीन महिने ही मुदत कागदावर पुरेशी वाटते. पंधरा वर्षांच्या आत पलटण सोडणाऱ्या साध्या शिपायास पेन्शन नसे. हाती एकरकमी ग्रॅच्युइटी पडे, आणि अशी रक्कम खेड्यातील घरात फार दिवस टिकत नाही. विहिरीचे काम, बैलजोडी, बहिणीचे लग्न, सावकाराची बाकी, यांपैकी कशात तरी ती विरते. दहा वर्षांनंतर कचेरीतून पत्र येते की तीच रक्कम परत भरा. ज्याला वर्षांची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच हाती ती सोडविण्याचा पैसा नसे, हे या नियमाचे खरे मर्म होय.

एक कल्पित हिशेब मांडून पाहावा. अठराव्या वर्षी भरती झालेला तरुण आठ वर्षे पलटणीत राहिला, नऊशे रुपये ग्रॅच्युइटी घेऊन परतला, मधली दहा वर्षे शेती केली आणि छत्तिसाव्या वर्षी अकोल्याच्या एका केंद्रीय कचेरीत लागला. अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे बावीस वर्षांच्या मुलकी नोकरीनंतर, तो निवृत्त झाला. १९८६ नंतरच्या नियमाने पूर्ण पेन्शन सरासरी वेतनाच्या निम्मी, पण ती तेहतीस वर्षांची नोकरी भरली तरच. कमी भरली तर त्या प्रमाणात. सरासरी वेतन बाराशे रुपये धरले, तर बावीस वर्षांवर त्यास चारशे रुपये मिळत. आठ वर्षे जोडली की तीस वर्षे होत आणि पेन्शन सुमारे पाचशे पंचेचाळीस. दरमहा पंचवीस रुपयांचे छत्तीस हप्ते सोसले असते, तर म्हातारपणी दरमहा एकशे पंचेचाळीस रुपये अधिक हाती येत, महागाईवाढ निराळीच.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविलेला दिसतो. तेथील संघसरकारच्या मुलकी नोकरास १९५६ नंतरची लष्करी वर्षे जोडून घेता येतात. त्यासाठी १९८७ पासूनच्या पद्धतीत लष्करातील मूळ वेतनाच्या साधारण तीन टक्के इतकी वर्गणी भरावी लागते. तेथे माणूस आपला वाटा भरतो. येथे तो आपला मोबदला परत करतो. दोहोंत वर्षे विकतच घ्यावी लागतात, पण किमतीमागची भावना एक नव्हे.

वऱ्हाडच्या राज्यसेवकाची अडचण आणखी एक होती. दुसऱ्या महायुद्धातून परतून अमरावतीच्या कचेरीत लागलेला माणूस मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा नोकर होता. १९५० साली तोच प्रांत मध्यप्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. खुर्ची तीच, टेबल तेच, धनी मात्र तीनदा पालटला. आणि पूर्वी नागपुराकडे जाणारे कागद आता मुंबईची वाट चालू लागले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या एकशे पंधराव्या कलमाने अशा नोकरांच्या जुन्या शर्तींना संरक्षण दिले, आणि केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्या त्यांच्या तोट्याच्या दिशेने बदलू नयेत असे बंधन घातले. ते नसते तर किती वर्षांचा हिशेब दप्तरांच्या या प्रवासात हरवला असता, कोण जाणे.

तेहतीस वर्षांचे बंधन केंद्राने १ जानेवारी २००६ पासून निवृत्त होणारांसाठी काढून टाकले. दहा वर्षांची पात्र नोकरी भरली की निम्म्या वेतनाची पेन्शन ठरू लागली, आणि पलटणीच्या वर्षांचे जुने मोल एकाएकी घसरले. ज्याची मुलकी नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी भरते, त्यालाच ती आता खरी उपयोगी. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या मुलकी नोकरीत नव्याने आलेले लोक तर वर्गणीच्या योजनेत गेले. महाराष्ट्राने हीच वाट १ नोव्हेंबर २००५ पासून धरली. त्यापूर्वी लागलेले माजी सैनिक मात्र अजून कचेऱ्यांत आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या सेवापुस्तकात त्या एका पर्यायाची नोंद आहे किंवा नाही, हे निवृत्तीच्या वेळीच उघडून पाहिले जाते.