पाव मैलाचं इंजिन

गुंठा कसा मोजायचा हे आमच्या आंबेगाव तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद की झाला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आता हेच चाळीस गुंठे एकापुढं एक, सरळ ओळीत मांडा. लांबी भरते तेराशे वीस फूट, म्हणजे बरोबर पाव मैल. ड्रॅग रेस नावाची शर्यत मूळची एवढ्याच अंतराची. वळण नाही, फेरा नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि इशारा झाला की सरळ सुटायचं. मीटरात सांगायचं तर ४०२.

आमच्याकडच्या माणसाला हे नवं नाही. आमच्या बैलगाड्याच्या घाटात एकेक गाडा सुटतो, त्याला आम्ही बारी म्हणतो. पंच घड्याळ लावून सेकंद मोजतात आणि सगळ्यात कमी वेळात वर गेला तो घाटाचा राजा. जोर पाहिजे तो सुटताना. नंतर कितीही पळा, सुटतानाच मागं पडलेला गाडा मागंच राहतो. म्हणून मिस्त्रीनं पहिल्यांदा मला पाव मैलाची गोष्ट सांगितली तेव्हा मी म्हणालो, "अरे, ही तर बिनबैलाची बारी झाली."

मिस्त्री हे त्याचं नाव नव्हे, पण लालबागपासून करी रोडपर्यंत त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. मी १९७६ साली दहावी पास होऊन मुंबईला गेलो आणि परळच्या एका गिरणीत साचा खात्यात बदली लागलो. तो तिथंच मेकॅनिक खात्यात फिटर होता. शिक्षण सातवी. मी गावकीच्या खोलीत वीस-बावीस जणांत पाळीपाळीनं झोपायचो, तो मागच्या चाळीत आईबापांबरोबर राहायचा. मला तो आजही "काय शेतकरी" अशीच हाक मारतो.

गिरणीतल्या मेकॅनिक खात्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. साचेवाले, त्रासनवाले, जॉबर यांच्यावर पुष्कळ लिहून झालं. पण गिरणीतली कितीतरी यंत्रं पन्नास-साठ वर्षांपूर्वीची विलायती. त्यांचा भाग तुटला तर तो विलायतेहून येईपर्यंत साचा बंद ठेवायचा का? मग तो भाग गिरणीतच लेथवर घडवायचा. जुन्या तुकड्याला व्हर्नियर लावायचा, माप घ्यायचं आणि तसाच नवा काढायचा. हात लावून सुताइतका फरक सांगणारी माणसं मी तिथं पाहिली. त्यांतल्या कुणाकडंही डिप्लोमा नव्हता.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप कधी संपला हे कुणी जाहीर केलंच नाही, माणसंच संपत गेली. मी वर्षभर वाट पाहिली आणि ८३ ला गावी येऊन नांगर धरला. मला जमीन होती. मिस्त्रीला काय होतं? हात होते. त्यानं भंगारात निघालेला एक जुना लेथ उधारीवर घेतला, करी रोडजवळ पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि दुचाकी दुरुस्ती सुरू केली. रब्बी उरकली की मी दरवर्षी पंधरा दिवस त्याच्याकडं जायचो. बायको म्हणायची, गिरणी सुटली पण मुंबई सुटंना.

ड्रॅग रेसिंगचा जन्म अमेरिकेतला. दुसरं महायुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातले तरुण जुन्या मोटारी स्वस्तात घ्यायचे, घरच्या घरी त्यांची ताकद वाढवायचे आणि ओसाड धावपट्ट्यांवर पळवायचे. १९५१ साली वॉली पार्क्स या माणसानं त्यांची संघटना बांधली आणि रस्त्यावरचा धोक्याचा खेळ नियमात आणला. म्हणजे मुळात हा खेळ हातानं काम करणाऱ्यांचा. आपल्याकडं मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, पण त्या वळणावळणाच्या, आणि बाहेरून आणलेली गाडी, स्पेअर, टायर परवडणाऱ्यांच्या. निदान मला तरी लांबून तसंच दिसलं. आमच्या शेडमध्ये जे झालं ते कॅलिफोर्नियाच्या जास्त जवळचं होतं.

नोव्हेंबर १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली. इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. त्याआधी राजदूत ३५० आली होती, ती खरी वाघीण. पण पेट्रोल पिऊन मालकाला भिकेला लावायची. १९८८ साली मिस्त्रीला अपघातात चेपलेली एक आरएक्स मिळाली. चेसिस वाकडी, इंजिन शाबूत. आधी आम्ही एका येझदीवर हात साफ केला होता, पण या इंजिनाची गोष्टच निराळी.

टू स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात, नुसती भोकं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना तीच उघडतात, तीच झाकतात. इंजिन मिनिटाला नऊ हजार फेरे फिरतं तेव्हा सेकंदाला दीडशे फेरे होतात. एवढ्या वेळात जळका धूर बाहेर काढायचा आणि ताजा माल आत घ्यायचा. धुराचं भोक जरा वर उचललं तर वरच्या वेगाला ताकद वाढते, खालच्या वेगाला मरते. किती उचलायचं, हाच सगळा खेळ. मिस्त्री कानशीनं अर्धा मिलिमीटर घासायचा, मी वहीत लिहायचो. क्रँकचे अंश मोजायला आम्ही माझ्या थोरल्याच्या कंपासपेटीतला कोनमापक वापरला. हेडमधली जागा मोजायला गुरांच्या इंजेक्शनची सिरिंज घेतली. त्यात तेल भरून प्लगच्या भोकातून सोडायचं, किती घनसेंटिमीटर गेलं ते बघायचं. ९८ सीसीच्या इंजिनात वर अकरा राहिले तर माल दहापट दाबला जातो. यापुढं हेड घासलं तर साधं पेट्रोल सोसत नाही, इंजिन टिणटिण वाजतं आणि पिस्टनला भोक पडतं. एक पिस्टन आम्ही हे बघण्यासाठीच बळी दिला. जुनाच होता.

सायलेन्सरचं काम सगळ्यात अवघड. त्याची कूळकथा मी फार पुढं वाचली. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर होता. पैशाची ओढाताण, मालाची टंचाई. त्यानं धुराच्या नळीलाच कामाला लावलं. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो, तशी धुराची लाट नळीच्या निमुळत्या टोकावर आपटून माघारी येते आणि बाहेर निसटणारा ताजा माल पुन्हा आत ढकलते. १९६१ पर्यंत त्यानं १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढली होती. त्याच वर्षी त्याचा शर्यतवीर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेकडं पळाला, सुझुकीला मिळाला आणि पुढच्या वर्षी त्यांना ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. काडेनची विद्या अशी जपानला पोचली आणि जपानी गाड्यांबरोबर सगळ्या जगात गेली. काडेनचं नाव मात्र आमच्या शेडमध्ये तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

आम्ही वर्तमानपत्राचे शंकू कापले. शंकू उलगडला की वर्तुळाचा तुकडा होतो, हे माझ्या डोक्यात शाळेतल्या भूमितीनं ठेवलेलं. परळच्या एका पत्रेवाल्यानं त्याच मापाचे पत्र्याचे शंकू वळून दिले, मिस्त्रीनं गॅसनं जोडले. नळी लांब झाली की खालच्या वेगाला जोर, आखूड झाली की वरच्या. नळी कापायची, जोडायची, पुन्हा कापायची. तीन उन्हाळे त्यात गेले. बेअरिंगं नागदेवीतून, जुने कार्ब्युरेटर चोरबाजारातून, बाकीचे सुटे भाग ऑपेरा हाउसच्या दुकानांतून. तिथून चालत गिरगावात जायचं आणि मिसळ खायची, हा आमचा रिवाज. पेट्रोलमध्ये ऑइल म्हणून एरंडेल घालायचो. जुने शर्यतवाले तेच घालायचे, कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडलं. गावात गाडी चालू केली की म्हाताऱ्या विचारायच्या, "पोट कुणाचं बिघडलं रं?"

मुंबईच्या रस्त्यावर मिस्त्रीनं ती गाडी कधी सोडली नाही. मरिन ड्राइव्हवर पैज लावणारी पोरं शेडवर यायची, नोटा पुढं करायची. तो म्हणायचा, "इंजिन मी बनवतो, तिरडी नाय बनवत." गरज नव्हती असं नाही. त्या वर्षी त्याच्या घरी दोन वेळची चूल कशी पेटायची हे मला माहीत आहे.

म्हणून चाचणी आमच्या गावी, कालव्याच्या कडेच्या सरळ वाटेवर. भल्या पहाटे, दोन्ही टोकांना माणसं उभी करून. चाळीस साखळ्या मीच मोजल्या. घड्याळ घाटावरच्या पंचाकडून मागून आणलेलं. मूळ इंजिनावर गाडीनं साडेअठरा सेकंद घेतले होते. १९९१ च्या मे महिन्यात तिनं पंधरा पूर्णांक आठ घेतले. आम्ही तीनदा मोजलं. मिस्त्री गाडीवरून उतरला, इंजिनावर हात ठेवायला गेला आणि चटका बसून मागं सरला. तेवढंच. बोलला काही नाही.

त्याच साली विकास नियमावली बदलली आणि गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा पुढं मॉल झाला. आरएक्स १०० सुद्धा १९९६ ला बंद झाली. धुराचे नियम कडक होत गेले आणि टू स्ट्रोकचे दिवस भरले. धुराबद्दल तक्रार करणारे बरोबरच होते, मी शेतकरी आहे, मला हवा लागते. पण धूर गेला तसे हातही गेले. मेकॅनिक खात्यातले मिस्त्रीचे सोबती कुणी वॉचमन झाले, कुणी भाजी विकायला बसले. लेथ पुसायला चिंधी हातात घेतली नाही त्यांनी पुन्हा. आज तरुण पोरं लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस लावतात, आणि जुनी आरएक्स लाखाच्या वर विकत घेतात. चांगलं आहे. त्यांच्याकडं कंप्युटर आहे, आमच्याकडं सिरिंज होती.

शेडच्या जागेवर आता टॉवर उभा आहे. लेथ जाग्यावरून हलवायला चार हमाल लागले आणि तो किलोच्या भावानं गेला. मिस्त्री डोंबिवलीला लेकाकडं राहतो, कानानं कमी ऐकतो. वही माझ्याकडं आहे, एकशे बारा पानांची, एरंडेलाच्या डागांची. मागच्या दिवाळीत त्याचा फोन आला. म्हणाला, नळीचं शेवटचं माप काय होतं, नातवाला सांगायचंय. मी वही काढली आणि आकडे वाचत गेलो. त्याला ऐकू जाईना, म्हणून दोनदा, ओरडून.