साठवण समूहांतील स्मृती-निरीक्षण

साठवण समूहांतील स्मृती-निरीक्षण म्हणजे अनेक सर्व्हर जोडून उभारलेल्या साठवण व्यवस्थेतील रॅमची स्थिती सतत तपासणे, तीत उद्भवणाऱ्या त्रुटी मोजणे आणि बिघडू लागलेला भाग वेळीच सेवेतून काढणे होय. असे समूह आज बहुधा आभासी यंत्रांना, म्हणजेच व्हर्च्युअल मशीनना, डिस्क पुरवतात. अनेक ठिकाणी साठवणीचे सॉफ्टवेअर आणि आभासी यंत्रे एकाच सर्व्हरवर चालतात. त्यामुळे रॅमच्या एका पट्टीतील दोषाची झळ एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक वापरकर्त्यांना पोहोचू शकते.

मराठी बोलण्यात 'मेमरी' आणि 'स्टोरेज' यांची नेहमी गल्लत होते. मोबाइलची 'मेमरी भरली' असे म्हणणाऱ्याच्या मनात साठवणच असते. या लेखात 'स्मृती' हा शब्द केवळ रॅमसाठी आणि 'साठवण' हा शब्द हार्ड डिस्क व तत्सम टिकाऊ माध्यमांसाठी वापरला आहे.

दोषांचे स्वरूप

रॅममधील प्रत्येक बिट हा अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युतभाराच्या रूपाने टिकतो. हा भार गळत असल्याने तो दर काही मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. एखादा बिट 0 चा 1 किंवा 1 चा 0 झाला, पण पेशी शाबूत राहिली, तर त्यास मृदू त्रुटी म्हणतात. पेशी, तिची तार किंवा जोडणीच बिघडली असेल तर ती कठीण त्रुटी. इंटेलमधील टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी द्रव्यांच्या अंशांतून निघणारे अल्फा कण मृदू त्रुटी घडवू शकतात. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळेही तसे घडते.

या शोधांमुळे स्मृतीतील त्रुटी म्हणजे क्वचित घडणारा दैवयोग, असा समज रूढ झाला. त्याला धक्का दिला तो बियांका श्रोडर, एदुआर्दो पिन्हेरो आणि वोल्फ-डिट्रिख वेबर यांच्या 2009 च्या अभ्यासाने. गूगलच्या सर्व्हरांवर अडीच वर्षे नोंदी घेऊन केलेल्या या अभ्यासात वर्षाकाठी सुमारे एक तृतीयांश सर्व्हरांत आणि 8 टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत निदान एक सुधारता येणारी त्रुटी आढळली. त्रुटी सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. जिथे एकदा त्रुटी आली, तिथेच ती पुन्हा येण्याची शक्यता कितीतरी जास्त होती आणि बहुतेक त्रुटी कठीण स्वरूपाच्या असाव्यात असा निष्कर्ष निघाला. निरीक्षणाला अर्थ येतो तो यामुळेच. त्रुटी निव्वळ योगायोगाच्या असत्या, तर कालच्या नोंदीवरून उद्याचे काहीच सांगता आले नसते.

साठवण समूहातील विशेष धोका

समूहात विद्याच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरांवर ठेवतात आणि प्रत्येक तुकड्याचा चेकसम नोंदवतात. डिस्क बिघडली तर चेकसम जुळत नाही आणि चांगल्या प्रतीवरून दुरुस्ती होते. मात्र लिहिला जाणारा विदा आधी रॅममध्ये येतो. चेकसम काढण्यापूर्वीच तेथे बिट उलटला, तर चुकीच्या विद्याचा अचूक चेकसम तयार होतो आणि तीच चूक तिन्ही प्रतींत इमानाने उतरते. पुढे कितीही पडताळण्या केल्या तरी तिन्ही प्रती एकमेकींशी जुळतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी 2010 मध्ये झेडएफएस या फाइल प्रणालीवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसले: डिस्कवरील बिघाडांना ती उत्तम तोंड देते, स्मृतीतील बिघाडांना नाही.

20 जुलै 2008 रोजी अॅमेझॉनची एस-3 ही साठवण सेवा कित्येक तास बंद पडली. सर्व्हर परस्परांना आपली स्थिती कळवण्यासाठी जे संदेश पाठवतात, त्यांतील मोजक्या संदेशांत एकेक बिट बदललेला होता. संदेश वाचता येत होते, पण आशय चुकीचा होता, आणि तो कानोकानी सर्वत्र पसरला. ग्राहकांच्या विद्यावर चेकसमचा पहारा होता. या अंतर्गत संदेशांवर नव्हता. अखेर सर्व्हरांमधील संवाद थांबवून, साठलेली स्थिती पुसून, सेवा नव्याने सुरू करावी लागली.

शोध आणि सुधारणा

त्रुटी शोधून दुरुस्त करणाऱ्या संकेतांचा पाया बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी घातला. त्यांचा निबंध 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व्हरमधील ईसीसी रॅम याच तत्त्वावर चालते. प्रचलित रचनेत 64 बिटांच्या विद्यासोबत 8 पडताळणी-बिट ठेवतात. त्यामुळे एक बिट चुकला तर तो जागच्या जागी सुधारला जातो. दोन चुकले तर चूक कळते, पण सुधारता येत नाही. आयबीएमच्या चिपकिल तंत्राने एक संपूर्ण चिप निकामी झाली तरी विदा वाचवता येतो.

निरीक्षणाची पद्धत

सुधारलेली त्रुटी वापरकर्त्याला जाणवत नाही. म्हणून ती मोजणारे कोणीतरी असावे लागते. लिनक्स कर्नलमधील ईडॅक ही उपप्रणाली (2006 पासून मुख्य कर्नलमध्ये) सुधारलेल्या आणि न सुधारता आलेल्या त्रुटींचे वेगवेगळे आकडे ठेवते. रासडीमन हा प्रोग्राम त्यांची तपशीलवार नोंद करतो. सर्व्हरचा व्यवस्थापन-नियंत्रकही स्वतःची नोंदवही राखतो. हे सर्व मूळ यजमान सर्व्हरवर पाहावे लागते. आभासी यंत्राच्या आत बसून पाहणाऱ्याला खऱ्या रॅमचे आकडे सहसा दिसत नाहीत. तेथील 'त्रुटी शून्य' हा आकडा दिलासा मानणे चूक ठरते.

एकूण संख्येपेक्षा दर महत्त्वाचा असतो. तीन वर्षांत विखुरलेल्या दहा त्रुटी आणि एका दिवसात एकाच पत्त्यावर आलेल्या दहा त्रुटी यांचा अर्थ एक नव्हे. एमसीईलॉग या जुन्या प्रोग्राममध्ये म्हणूनच गळक्या भांड्याची कल्पना वापरली आहे: जुन्या नोंदी हळूहळू गळून जातात, आणि भांडे भरलेच तर इशारा मिळतो. स्मृतीच्या एका पानावर 24 तासांत 10 सुधारित त्रुटी आल्यास ते पान वापरातून काढणे, ही त्याची मूळ मांडणी आहे.

इशारा मिळाल्यावर आभासी यंत्रे चालू स्थितीतच दुसऱ्या सर्व्हरवर हलवतात आणि मग साठवणीची सेवा थांबवून पट्टी बदलतात. डिस्क शाबूत असल्याने सगळा विदा हलवण्याची गरज नसते. सेफमध्ये त्यासाठी 'नोआउट' ही खूण लावून पुनर्वितरण तात्पुरते रोखतात. तेवढा वेळ काही विद्याची एक प्रत कमी असते, म्हणून एका वेळी एकच सर्व्हर हाती घेतात.

स्मृतीवरील ताण

रॅम निर्दोष असूनही अपुरी पडू शकते. आभासी यंत्रांना मिळून प्रत्यक्ष रॅमहून अधिक स्मृती देऊ केलेली असते; तुटवडा आला की यजमान ती 'फुगा' तंत्राने परत मागतो. कार्ल वाल्डस्पर्गर यांनी 2002 च्या निबंधात त्याचे वर्णन केले आहे. सेफच्या प्रत्येक साठवण-प्रक्रियेस मूळ मांडणीत 4 गिबिबाइटचे लक्ष्य असते, पण ते लक्ष्य आहे, मर्यादा नव्हे. बिघाडानंतर प्रती पुन्हा तयार होत असताना वापर वाढतो. अशा वेळी कर्नलने स्मृतीअभावी एक प्रक्रिया बंद केली, तर तिचे काम इतरांवर पडते, त्यांचाही वापर वाढतो आणि बंद पडण्याची साखळी सुरू होऊ शकते. किती रॅम मोकळी आहे यापेक्षा रॅमसाठी प्रक्रिया किती काळ खोळंबल्या हे पाहणे अधिक उपयोगी. 2018 मध्ये लिनक्स 4.20 मध्ये आलेली पीएसआय ही सोय नेमके तेच मोजते.

मर्यादा

डीडीआर-5 प्रकारच्या रॅममध्ये प्रत्येक चिपच्या आतच सुधारणेची सोय असते. ती चिपबाहेरच्या वाटेवरील चुका पकडत नाही आणि आत सुधारलेल्या चुकांची प्रत्येक वेळी बाहेर वर्दीही देत नाही; ईसीसी पट्टीची जागा ती घेऊ शकत नाही. याशिवाय, स्मृतीतील एकच ओळ वारंवार वाचून शेजारच्या ओळीतील बिट उलटवता येतात, हे 2014 मध्ये यूंगू किम व सहकाऱ्यांनी दाखवले. 'रोहॅमर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात एका आभासी यंत्रातील प्रोग्राम दुसऱ्या यंत्राच्या स्मृतीला बाधा पोहोचवू शकतो, आणि त्रुटींच्या आकड्यांत अचानक झालेली वाढ हा त्याचाही माग असू शकतो.