मोमेंटम (शेअर बाजार)

शेअरच्या भावाचा अलीकडचा वेग आणि त्यामागची उलाढाल पाहून खरेदी-विक्रीची वेळ ठरवण्याची पद्धत. कंपनीचा ताळेबंद किंवा नफा यांच्याशी तिला फारसे कर्तव्य नसते. वर निघालेला भाव आणखी काही काळ वरच जाईल, एवढ्या गृहीतकावर ती उभी आहे. हा ‘काही काळ’ किती, यावरच सगळे मतभेद.

भावाचा वेग मोजणे सोपे. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेला आरएसआय (रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स) साधारणपणे 14 दिवसांतील वाढ आणि घसरण 0 ते 100 या पट्टीवर बसवतो. 70 च्या वर खरेदीचा अतिरेक, 30 च्या खाली विक्रीचा, असे मानतात. जोरदार तेजीत मात्र तो कित्येक दिवस 70 च्या वर राहू शकतो, आणि केवळ पट्टी पाहून विकणारा हात चोळत बसतो.

उलाढालीला मुख्य साक्षीदार केले ते अमेरिकेच्या जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी. 1963 च्या पुस्तकात त्यांनी ‘ऑन बॅलन्स व्हॉल्यूम’ (ओबीव्ही) लोकांपुढे आणले. समजा, सोमवारी शेअर वधारून बंद झाला आणि 5 लाख शेअरचे व्यवहार झाले, तर 5 लाख जमा. मंगळवारी 3 लाखांच्या व्यवहारात घसरला, तर 3 लाख वजा. उरले 2 लाख. भाव जागच्या जागी असताना ही बेरीज चढत गेली, तर कोणीतरी गुपचूप माल गोळा करत आहे, असा त्यांचा तर्क. त्यातली गोम उघड आहे: भाव पाच पैशांनी वाढो की पन्नास रुपयांनी, त्या दिवसाची सगळी उलाढाल जमेच्याच बाजूला पडते.

ग्रॅनव्हिल स्वतः नाटकी गृहस्थ होते. 6 जानेवारी 1981 च्या रात्री त्यांनी ग्राहकांना सगळे विकून टाकण्याचा निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी डाऊ जोन्स सुमारे 24 अंशांनी कोसळला आणि न्यूयॉर्कच्या बाजारात सुमारे 9 कोटी 30 लाख शेअरची, तोवरची विक्रमी उलाढाल झाली. ऑगस्ट 1982 मध्ये मोठी तेजी सुरू झाली, तेव्हा हेच ग्रॅनव्हिल मंदीवर अडून बसले होते.

विद्यापीठांत या पद्धतीला मान मिळाला तो 1993 मध्ये. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी 1965 ते 1989 चे अमेरिकी भाव तपासले. मागच्या सहा महिन्यांत वाढलेले शेअर घ्यायचे, पडलेले विकायचे आणि सहा महिने थांबायचे, या रीतीने वर्षाला सरासरी 12 टक्के जादा परतावा दिसला. चार्ल्स ली आणि भास्करन स्वामिनाथन यांचा 2000 चा निष्कर्ष अधिक रंजक आहे: प्रचंड उलाढालीसह वाढलेले शेअर कमी उलाढालीच्या विजेत्यांपेक्षा लवकर उलटतात. ‘व्हॉल्यूम आला की घुसा’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. बाजार तळातून उसळतो, तेव्हा तर ही पद्धत पार तोंडघशी पडते. मार्च ते मे 2009 मध्ये अमेरिकेत सर्वाधिक पडलेल्या शेअरच्या गटाने 163 टक्के उसळी घेतली. आधीच्या विजेत्यांची वाढ होती जेमतेम 8 टक्के.

भारतात उलाढालीचा आकडा आणखी जपून वाचावा लागतो. अपर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या वाढीच्या कमाल मर्यादेला, अडकलेल्या शेअरमध्ये विकणाराच नसल्याने भाव चढतो, पण व्यवहार नगण्य दिसतात. उलट, ठरवून आपसात शेअर फिरवले की खोटी गर्दी उभी राहते. शेअर दलाल केतन पारेख यांच्या 2001 च्या प्रकरणात अशा चक्राकार व्यवहारांचे आरोप झाले, आणि 2003 मध्ये बाजार नियामक सेबीने त्यांच्यावर 14 वर्षांची बंदी घातली. म्हणूनच दलाल स्ट्रीटवरचे मुरलेले व्यापारी एकूण उलाढालीबरोबर डिलिव्हरीची टक्केवारीही पाहतात. दिवसाच्या दिवसात मिटवलेले सौदे तिच्यात धरले जात नाहीत.

राष्ट्रीय शेअर बाजाराचा ‘निफ्टी 200 मोमेंटम 30’ हा निर्देशांक 2020 मध्ये आला. त्यात 6 आणि 12 महिन्यांची भाववाढ चढउतारांच्या प्रमाणात तोलून 30 शेअर निवडतात आणि जून व डिसेंबरमध्ये यादी बदलतात. त्या गुणांकनात उलाढालीला जागा नाही.