जन्मखुणांवरील लेसर उपचारातील रोबॉट-साहाय्य

त्वचेवरील जन्मजात डागावर लेसरचे स्पंद कोठे, किती अंतराने व कोणत्या क्रमाने टाकायचे, हे काम डॉक्टरच्या हाताऐवजी संगणकनियंत्रित यंत्रणेकडे सोपविण्याची पद्धती. निदान, ऊर्जेचे प्रमाण आणि कोठे थांबायचे हे निर्णय त्वचारोगतज्ज्ञच घेतो. या पद्धतीचा विचार मुख्यतः ‘पोर्ट-वाइन’ या लालसर-जांभळ्या डागाच्या संदर्भात झाला आहे.

हा डाग दर हजारी सुमारे 3 नवजात बालकांत आढळतो. त्वचेतील केशवाहिन्या कायमच्या रुंदावलेल्या असल्याने तो दिसतो. मूल वाढते तसा तो पसरतो आणि प्रौढ वयात अनेकदा जाड व खडबडीत होतो. आपोआप जात नाही. गर्भवतीने ग्रहण पाहिल्याने अशी खूण उमटते हा आपल्याकडील समज निराधार आहे. गर्भावस्थेत एखाद्या पेशीत जीएनएक्यू या जनुकात झालेला बदल बहुतेक डागांच्या मुळाशी असतो, हे 2013 मध्ये दिसून आले. डाग कपाळावर वा पापणीवर असेल तर काचबिंदू आणि फिट्स यांची शक्यता तपासावी लागते. ती तपासणी लेसरहून महत्त्वाची.

1970 च्या दशकात या डागांवर अरगॉन लेसर वापरत. त्याची उष्णता आजूबाजूच्या त्वचेत पसरून व्रण राहत. 1983 मध्ये बॉस्टनच्या रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी उपाय मांडला : रक्तातील हीमोग्लोबिन शोषून घेईल अशा तरंगलांबीचा प्रकाश, वाहिनीतील उष्णता बाहेर पसरण्याआधीच संपेल इतक्या अल्प काळासाठी द्यायचा. त्यातून स्पंदित रंजक लेसर प्रचारात आला. 585 किंवा 595 नॅनोमीटर तरंगलांबी आणि 0.45 ते 1.5 मिलिसेकंदांचा स्पंद ही त्याची नेहमीची मापे.

हाताने उपचार करताना खरी अडचण भूमितीची असते. 7 मिमी. व्यासाच्या ठिपक्याने 100 चौ. सेंमी. डाग झाकायला अडीचशेहून अधिक स्पंद लागतात. गोल टिकल्या कागदावर कितीही जवळ चिकटवल्या तरी मध्ये कोरी जागा उरतेच. म्हणून ठिपके थोडे एकमेकांवर चढवतात. कमी चढवले तर डागात जाळी दिसते, जास्त चढवले तर त्वचा भाजते.

1980 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील लील येथे विकसित झालेले ‘हेक्सास्कॅन’ हे यावरचे गाजलेले उत्तर. हातात धरायच्या या उपकरणातील आरसे अरगॉन लेसरचा किरण षट्कोनी क्षेत्रात ठिपक्याठिपक्याने फिरवीत. लागोपाठचे ठिपके मुद्दाम शेजारी पडू देत नसत, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नसे. त्या काळच्या लेखनात त्याला ‘रोबॉटिक’ म्हटले गेले. आजच्या मोजमापाने तो फक्त स्कॅनर होता. त्वचा कशी आहे हे त्याला दिसत नव्हते. रंजक लेसरचा स्पंदच अतिशय अल्प असल्याने पुढे अशा स्कॅनरांची निकड ओसरली.

अलीकडच्या प्रायोगिक यंत्रणांत सांधेदार बाहू, खोली मोजणारा कॅमेरा आणि रंगावरून डागाची कड ओळखणारी प्रणाली एकत्र येतात. चेहऱ्याचा त्रिमितीय नकाशा तयार होतो, त्यावर मार्ग आखला जातो आणि लेसरचे टोक त्वचेला काटकोनात, ठराविक अंतरावर राहते. नाकाची कड वा पापणी यांसारख्या जागी हात चुकू शकतो, म्हणून तेथेच बाहूकडून सर्वाधिक अपेक्षा असते. अडचणही तेथेच : उपचार अनेकदा तान्ह्या बाळावर होतो आणि बाळ मान फिरवते. हालचाल जाणवताच स्पंद रोखण्याची सोय नसेल, तर बाकी सारी अचूकता व्यर्थ. डोळ्यांवर संरक्षक कवच प्रत्येक वेळी लागतेच.

स्पंदानंतर त्वचा किती जांभळी झाली यावरून डॉक्टर पुढची ऊर्जा ठरवितो. सावळ्या त्वचेत मेलॅनिनही प्रकाश शोषते. त्यामुळे ही खूण वाचणे अवघड होते आणि फोड किंवा रंग बदलण्याचा धोका वाढतो. म्हणून ऊर्जा बेताची ठेवतात आणि स्पंदाच्या क्षणभर आधी थंड फवारा मारून वरचा थर वाचवितात. भारतीय रुग्णांसाठी ठिपक्यांच्या अचूक मांडणीपेक्षा हे भान अधिक मोलाचे ठरते.

प्रकाशरासायनिक उपचारात परिस्थिती वेगळी आहे. चीनमध्ये या डागांसाठी रूढ झालेल्या या पद्धतीत प्रकाशसंवेदी औषध शिरेतून देऊन डागावर बराच वेळ स्थिर प्रकाश टाकावा लागतो. तेथे न थकणाऱ्या बाहूचा उपयोग उघड आहे आणि संशोधनही त्या दिशेने झाले आहे. रंजक लेसरचे टोक मात्र बहुतेक ठिकाणी अजून डॉक्टरच्याच हातात असते.