अधिदृढतानिका संवेदनाहरणातील विरळ उपद्रव

मेरुरज्जूच्या दृढतानिका या बाह्य आवरणाबाहेरील पोकळीत औषध सोडून शरीराचा खालचा भाग बधिर करण्याच्या पद्धतीस अधिदृढतानिका संवेदनाहरण म्हणतात. प्रसूतिवेदना तसेच पोट व पाय यांवरील शस्त्रक्रिया यांसाठी तिचा उपयोग होतो. स्पॅनिश लष्करी शल्यचिकित्सक फिदेल पाहेस यांनी कटिभागातून ही भूल देण्याची रीत १९२१ मध्ये वर्णिली. परंतु १९२३ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले आणि स्पेनबाहेर तिची फारशी दखल घेतली गेली नाही. इटालियन शल्यचिकित्सक आकिले दोल्योत्ती यांच्या १९३० नंतरच्या लेखनामुळे ती रूढ झाली. सुई पोकळीत शिरताच पिचकारीच्या दट्ट्याला होणारा रोध एकाएकी नाहीसा होतो, ही खूण आजही प्रमाण मानतात.

पाठीच्या कण्यातून दिल्या जाणाऱ्या सर्व प्रकारच्या भुलीच्या सु. सात लाख प्रसंगांवर आधारलेल्या ब्रिटिश पाहणीत (२००९) कायमच्या इजेचे प्रमाण लाखामागे सु. दोन ते चार आढळले. औषध चुकून नीलेत गेल्यास झटके येतात व हृदय बंद पडू शकते. बुपिव्हाकेनच्या अशा घटनांकडे अमेरिकेत १९७९ मध्ये लक्ष वेधले गेले. प्रथम अल्प चाचणी मात्रा, मग थांबून थांबून उरलेली मात्रा, हा त्यावरील उपाय होय.

सर्वांत घातक उपद्रव म्हणजे रक्तगुल्म. साकळलेले रक्त मेरुरज्जूला दाबते. रक्त पातळ ठेवणारे नवे हेपारिन अमेरिकेत १९९३ मध्ये प्रचारात आल्यावर असे रुग्ण वाढले व १९९७ मध्ये तेथील शासनाने इशारा दिला. प्रतिबंधक मात्रेनंतर किमान १२ तास, उपचारात्मक मात्रेनंतर २४ तास सुई टोचू नये. नलिका काढतानाही हेच अंतर पाळावे, कारण ती काढतानाही रक्तस्राव होतो. गर्भारपणातील रक्तदाबवाढीत बिंबाणू कमी होत असल्याने त्यांची गणना आधी आवश्यक असते.

दाब सु. आठ तासांत शस्त्रक्रियेने दूर न केल्यास पायांतील शक्ती परत येण्याची आशा कमी होते. शेणव्यासारख्या (ता. शहापूर, जि. ठाणे) गावातील रुग्णाला अशा शस्त्रक्रियेसाठी ठाणे-मुंबई गाठावी लागते, म्हणजे या आठ तासांत निदान व प्रवास दोन्ही येतात. ग्रामीण रुग्णालयांत सिझेरियनसाठी बहुधा एकाच टोचणीची, जालतानिकेखालील भूल देतात. रक्तगुल्माचा धोका तीतही असतो. यास्तव बधिरता पूर्ण उतरेपर्यंत पाय हलतात की नाही याची परिचारिकेने दर तासाला नोंद करावी आणि उतरलेली बधिरता परत आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णास हलवावे.