चेपाकच्या राज्यशास्त्राची कुळकथा

चेन्नईच्या चेपाक भागात, सागरतीरावर असलेल्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात राज्यशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवीच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच्या विषयाची वंशावळ विचारली, तर तो बहुधा अथेन्सपर्यंत जाऊन ॲरिस्टॉटलपाशी थांबेल. आणि मूळपुरुष म्हणून ते नाव यथार्थच आहे. परंतु ज्या विद्यालयाच्या पटावर त्याचे स्वतःचे नाव आहे, त्याच पटावर या कुळाचा एक निकटचा पूर्वज होऊन गेला व तो मराठीभाषी होता, हे त्याला क्वचितच कोणी सांगितले असेल.

राजा सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणम येथे, तंजावरकडील देशस्थ मराठी घराण्यात जन्मले. जे पुढे १८५५ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालय झाले, त्या मद्रास हायस्कुलात पॉवेल साहेबांच्या हाताखाली ते प्रामुख्याने गणितात निष्णात झाले. राज्यशास्त्र नावाचा विषय त्या काळी तेथे कोठून असणार? तो त्यांना पुढे अकौंटंट जनरलच्या कचेरीने, त्रावणकोरच्या राजपुत्रांच्या शिकवणीने आणि मग त्याच संस्थानाच्या व इंदूरच्या दिवाणगिरीने शिकविला. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर बडोद्याचा कारभार त्यांच्या हाती आला. आणि कवळाण्याहून दत्तक आणलेल्या सयाजीरावांना मुखत्यारी मिळण्यापूर्वी, १८८१ साली, त्यांनी त्या तरुण महाराजांपुढे जी इंग्रजी व्याख्याने दिली, ती 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली. प्रजेचे सुख हे राजाचे प्रधान कर्तव्य, राजवाड्याच्या खर्चास मर्यादा, कायद्याचा आदर, हुजऱ्यांच्या चहाडीपासून सावधगिरी: तत्त्वचर्चा थोडी, व्यवहार पुष्कळ. इंग्रज सरकारची मर्जी राखण्याचा त्यांतील उपदेश आज खटकतो खरा. पण ज्या गादीवरून नुकताच एक राजा उतरविला गेला होता, तिच्या वारसास दुसरे काय सांगावयाचे? एकाच विद्यार्थ्यासाठी इतक्या काटेकोरपणे चालविलेला राज्यशास्त्राचा दुसरा वर्ग मला तरी ठाऊक नाही.

विद्यापीठात मात्र हा विषय दीर्घकाळ इतिहास व अर्थशास्त्र यांच्या पदराखाली वाढला. १९३७ साली मद्रास विद्यापीठाने लोकप्रशासनाची पदविका सुरू केली, आणि त्याच वर्षी राजगोपालाचारींचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ मद्रासेत अधिकारारूढ झाले. हा योगायोग मानला तरी तो अर्थपूर्ण आहे, कारण राजपुत्रास द्यावयाचे शिक्षण आता प्रजेच्या मुलांस देणे अपरिहार्य झाले होते. मद्रास विद्यापीठाच्या चेपाक येथील विभागाच्या नावात राजनीतीबरोबर लोकप्रशासन आजही जोडलेले आहे, हे या कुळीस साजेसेच. लोकप्रशासनाचा स्वतंत्र विभाग काढण्यात पुढाकार घेतला तो मात्र १९४९ च्या सुमारास आपल्या नागपूर विद्यापीठाने.

प्लेटो आणि हॉब्ज यांच्या पाठांतरास बसण्यापूर्वी, मग तो चेन्नईचा असो वा नागपूरचा, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने दिवाणसाहेबांची ती व्याख्याने एकवार अवश्य वाचावीत.