गाडी चिखलात फसली तर टो रोप कोणता वापरायचा? निवड, वापर आणि सुरक्षिततेची संपूर्ण माहिती

मी वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी) गावचा. आमचं गाव वर्धा–आर्वी रस्त्यावर आहे. डांबरी रस्ता सोडून पांदण रस्त्याला लागलं की पावसाळ्यात फक्त काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांमध्ये भरून बसते आणि टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरत राहतो. गाडी फसली की आमच्याकडे एकच उपाय असतो, "ट्रॅक्टर बोलवा अन् दोर बांधा!"

मागच्या पावसाळ्यात एका मित्राची कार अशीच शेताच्या रस्त्यावर फसली. घरात पडलेला नायलॉनचा दोर आणला, त्याचं एक टोक बंपरखालच्या पत्र्याच्या पट्टीला आणि दुसरं ट्रॅक्टरला बांधलं. मी तीन-चार पावलांवर उभा राहून मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो. काकांनी ट्रॅक्टरला झटका दिला आणि ती पट्टी उपटून ट्रॅक्टरच्या मागच्या लाईटवर आदळली. काच फुटली. काकांची पाठ तिथून एका वितीवर होती.

रात्री तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. एका फ्रेममध्ये दोर ताणलेला आहे, पुढच्या फ्रेममध्ये दोर जागेवरच नाही. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम काढतो, म्हणजे हे सगळं १/३० सेकंदाच्या आत झालं. माणसाला दचकायलाच साधारण १/५ सेकंद लागतो. म्हणजे "काही झालं तर बाजूला होईन" हा विचारच चुकीचा आहे. त्या दिवशीपासून मी या विषयाची नीट माहिती काढली. तीच आज सोप्या भाषेत सांगतो.

दोर तुटला की नेमकं काय होतं?

ताणलेला दोर म्हणजे ताणलेली गुलेर. त्यात ऊर्जा साठते. एक ढोबळ हिशोब करू. ९ मीटरचा लवचिक दोर ४ टन ओढीने १.८ मीटर ताणला, तर त्यात साधारण ३६,००० ज्यूल ऊर्जा साठते. यातला फक्त दहावा भाग, म्हणजे ३,६०० ज्यूल, १ किलोच्या लोखंडी हुकाला मिळाला तर तो ताशी सुमारे ३०० किमी वेगाने सुटेल.

तुलनेसाठी पहा: ताशी १४० किमी वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत साधारण १२० ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे त्या हुकात तसे ३० चेंडू एकत्र आले!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्या प्रसंगात दोर तुटलाच नव्हता. तुटली होती ती बांधायची जागा. म्हणून नुसता मजबूत दोर घेऊन काम भागत नाही. दोर, हुक आणि बांधायची जागा या तिघांपैकी जे सगळ्यात कमजोर असेल, तेच सुटतं. आणि सुटणारी वस्तू लोखंडाची असेल तर ती गोळीसारखी जाते.

टो रोप आणि रिकव्हरी स्ट्रॅप यात फरक काय?

ऑनलाईन शोधलं की दोन्ही एकाच यादीत दिसतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

१. टो रोप किंवा टो स्ट्रॅप: हा बहुतेक पॉलिस्टरचा असतो आणि कमी ताणला जातो. बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावरून हळूहळू गॅरेजपर्यंत न्यायला हा वापरायचा. याला झटका द्यायचा नाही.

२. रिकव्हरी स्ट्रॅप किंवा कायनेटिक रोप: हा नायलॉनचा असतो आणि मुद्दाम ताणला जाईल असा बनवलेला असतो. चांगला कायनेटिक रोप ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो. चिखलात फसलेल्या गाडीला हा रबरासारखा हळूच खेचतो. पण ताण जास्त म्हणजे साठलेली ऊर्जाही जास्त, हे विसरू नका.

३. लोखंडी वायर रोप आणि साखळी: ताणत जवळजवळ नाही, त्यामुळे झटका थेट गाडीच्या सांगाड्यावर येतो. साखळीला झटका कधीच देऊ नका.

४. घरातला दोर: काथ्याचा, सुताचा किंवा बाजारातला रंगीत प्लास्टिकचा दोर. बैल बांधायला, ट्रॉलीवर कापसाचे बोरे आवळायला उत्तम. गाडी ओढायला नाही. याची ताकद कुठेच लिहिलेली नसते आणि उन्हात पडून प्लास्टिकचा दोर ठिसूळ झालेला असतो.

किती टनाचा घ्यायचा?

आधी तुमच्या गाडीचं वजन पहा. आरसी बुकमध्ये 'अनलेडन वेट' म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन दिलेलं असतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधल्या आरसीतही ते सापडतं. त्यात माणसं आणि सामान मिळवा.

आता रिकव्हरी स्ट्रॅपसाठी सोपा नियम: स्ट्रॅपची तुटण्याची ताकद दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या २ ते ३ पट हवी. कार १,४०० किलो भरत असेल तर साधारण ३ ते ४ टन. खूप जास्त टनाचा घेतला तर तो ताणलाच जाणार नाही आणि झटका सगळा गाडीवर येईल. म्हणजे "जितका जाड तितका चांगला" हे इथे चालत नाही.

खरेदी करताना या गोष्टी तपासा:

- तुटण्याची ताकद की काम करण्याची मर्यादा? तुटण्याची ताकद म्हणजे ज्या वजनाला तो तुटतो. काम करण्याची मर्यादा म्हणजे ज्या वजनापर्यंत रोज बिनधास्त वापरता येतो, आणि ती बरीच कमी असते. नुसतं "१० टन" लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.
- किलोन्यूटन: काही लेबलवर ताकद किलोन्यूटनमध्ये असते. १० किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ टन.
- टोकं: शिवलेले मऊ फासे असलेला स्ट्रॅप घ्या. ज्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी हुक आहेत तो चिखलातून झटका देऊन काढायला वापरू नका.
- लेबल: धागा कोणता, ताकद किती, लांबी किती हे शिवलेल्या लेबलवर हवं. ऑस्ट्रेलियात तर रिकव्हरी स्ट्रॅपवर धोक्याचा इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे.
- शॅकल: जोडायला लागलाच तर ज्याच्या अंगावर टनाचा आकडा कोरलेला आहे असाच घ्या. १९ मिमीच्या चांगल्या बो शॅकलवर साधारण ४.७५ टन लिहिलेलं असतं.

बांधायचं कुठे?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बंपर, बंपर गार्ड, सस्पेन्शनचा दांडा, एक्सेल, स्टिअरिंगचा रॉड यांना दोर बांधायचा नाही. हल्लीच्या बहुतेक कारमध्ये टूलकिटसोबत एक लोखंडी कडी मिळते, तिला टो हुक किंवा टो आय म्हणतात. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढलं की आत आटे दिसतात, तिथे ही कडी पूर्ण आत जाईपर्यंत फिरवायची. काही गाड्यांत आटे उलटे असतात, त्यामुळे जबरदस्ती करू नका. आजच तुमच्या गाडीची डिकी उघडून ही कडी आहे का ते बघा. सेकंड हँड गाडीत ती हमखास गायब असते!

एक इशारा: ही कडी सपाट रस्त्यावर हळू ओढण्यासाठी असते. चाक अर्धं बुडालेल्या गाडीला तिच्यातून झटका देऊ नका.

ट्रॅक्टरच्या बाजूला दोर नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधा. वरच्या टॉप लिंकला किंवा सीटजवळ बांधला आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उचलतं आणि तो मागे उलटतो. उलटायला एक सेकंदही पुरतो, चालवणाऱ्याला क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

आधी दोर नको, आधी फावडं

चाक जितकं खोल, तितकी ओढ जास्त. जुना ठोकताळा असा की टायरपर्यंत फसलेली गाडी काढायला गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, आणि चाकांच्या वर मडगार्डपर्यंत फसली तर दुप्पट. म्हणून आधी चाकासमोरचा चिखल काढा, मग चाकाखाली पऱ्हाटीच्या काड्या, तुराट्या, रिकामे बोरे किंवा मुरूम टाका. टायरमधली हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, फक्त डांबरी रस्त्यावर आल्यावर लगेच भरून घ्या. निम्म्या वेळा गाडी एवढ्यानेच निघते आणि दोराची गरजच पडत नाही.

ओढताना स्टेप बाय स्टेप

१. दोर गाठ न मारता फास्यानेच अडकवा. गाठीमुळे दोराची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. दोन स्ट्रॅप लोखंडी शॅकलने जोडू नका.

२. दोराच्या मधोमध ओलं पोतं किंवा जुनी गोधडी टाका. दोर सुटलाच तर तो हवेत उडण्याऐवजी खाली पडायची शक्यता वाढते.

३. दोन्ही गाड्या शक्यतो एका सरळ रेषेत ठेवा.

४. इशारे आधी ठरवा. एकच माणूस हाताने इशारा करेल. ड्रायव्हरने मोबाईल कानाला लावायचा नाही. "थांब" साठी एक लांब हॉर्न.

५. दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर सगळ्यांनी बाजूला व्हा. ९ मीटरचा दोर असेल तर साधारण १४ मीटर. दोराच्या रेषेत, दोन गाड्यांच्या मध्ये किंवा दोरावरून उडी मारत कोणीही जायचं नाही.

६. आधी दोर हळू ताणून घ्या, मग सावकाश ओढा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, त्यामुळे "जोरात मार" हा सल्ला सगळ्यात धोकादायक.

७. दोन-तीन प्रयत्नांत निघाली नाही तर थांबा आणि पुन्हा खोदा.

रस्त्यावर टो करताना

बंद गाडीचं इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांनंतर काम करत नाही आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. ब्रेक खूप जोरात दाबावा लागतो, म्हणून मागच्या गाडीत लायसन्स असलेला आणि सवय असलेला माणूसच बसवा. चावी 'ऑन' वर ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल.

१९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीत टोईंगबद्दल स्पष्ट मर्यादा होत्या: दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २४ किमीपेक्षा जास्त नको, आणि मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर किमान ७५ मिमी उंच काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेलं हवं. २०१७ मध्ये त्या नियमावलीच्या जागी नवीन विनियम आले, पण हे आकडे आजही डोक्यात ठेवण्यासारखे आहेत. दोराला मधोमध लाल फडकं बांधा, म्हणजे दुचाकीवाला मधून घुसणार नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी दोराने ओढता येते का? आधी गाडीचं मॅन्युअल वाचा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरून नुकसान होतं. अशा गाडीला फ्लॅटबेडच बोलवा.

बाईकला दोर बांधून ओढू का? नाही. थोडासा तिरका ताण आला तरी तोल जातो. ढकला किंवा टेम्पोत टाका.

समृद्धी महामार्गावर गाडी बंद पडली तर? आमच्या जिल्ह्यातून हा रस्ता जातो, म्हणून सांगतो. तिथे वाहनं ताशी १०० च्या वेगाने येतात. दोर काढूच नका. गाडी कडेला घ्या, हझार्ड लाईट लावा, सगळ्यांनी रेलिंगच्या पलीकडे उभं राहा आणि मदत मागवा. आणीबाणीसाठी ११२ नंबर आहेच.

स्ट्रॅप कसा सांभाळायचा? वापरानंतर साध्या पाण्याने धुवा. काळ्या मातीतले बारीक कण आत राहिले तर धागे कापतात. सावलीत वाळवा आणि उन्हापासून लांब ठेवा. कुठे कापलेला, जळलेला किंवा शिवण उसवलेला दिसला तर तो फेकायचा. "एकदाच वापरू" म्हणून ठेवायचा नाही.

आणि शेवटी, रीलबद्दल

ट्रॅक्टरने गाडी ओढतानाचा व्हिडिओ मस्त दिसतो, मला माहीत आहे. पण त्या वेळी सगळ्यात जवळ मोबाईलवालाच उभा असतो आणि त्याचं लक्ष दोराकडे नाही, स्क्रीनकडे असतं. व्हिडिओ काढायचाच असेल तर मोबाईल धुऱ्यावर कशाला तरी टेकवून ठेवा आणि तुम्ही १४ मीटर लांब जा. मोबाईल फुटला तर नवीन येतो.

आमच्या घरी आता डिकीत एक लेबल असलेला स्ट्रॅप, एक फावडं आणि दोन रिकामे बोरे कायम असतात. यंदा पहिल्याच पावसात त्यातले बोरे आणि फावडं कामी आले. स्ट्रॅप अजून पिशवीतच आहे, आणि तो तिथेच राहिला तर मला आनंदच आहे.